वहीतला तिसरा रकाना

रेवा, गेल्या हिवाळ्यात मी तुला आणि ईशानला व्हिडिओवर मोजणीची वही आखायला शिकवली. पानावर तीन रकाने. पहिल्यात काय मोजलं, दुसऱ्यात किती भरलं आणि तिसऱ्यात कुठं थांबलो. तू पट्टी हातात धरूनच विचारलंस, "आजी, तिसरा कशाला? आमची टीचर दोनच करायला सांगते." मी म्हणाले, "नंतर सांगेन," आणि चष्मा पुसायला लागले.

मुलांचा प्रश्न नंतरवर ढकलणाऱ्या शिक्षकाला एकतर उत्तर येत नसतं, नाहीतर ते द्यायची छाती नसते. मला उत्तर येत होतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे शिकवण्यातले अनुभव मागितले, तेव्हा वाटलं, इथंच लिहून टाकावं. तुझे बाबा तुम्हा दोघांना वाचून दाखवतील. बाकीच्या वाचकांनी आमच्या शेजारी बसून ऐकायला हरकत नाही. नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली, हे सगळं माझ्या सेवापुस्तकात आहे. ते तिथंच राहू दे.

मी बसवकल्याण तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तीस-एक वर्षं गणित शिकवलं. माझं स्वतःचं कॉलेज इंग्रजीतून झालं. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड आणि डोक्यातलं गणित इंग्रजीत, अशी आमच्याकडच्या शिकलेल्या माणसाची वाटणी असते. मला सगळं जागच्या जागी लागतं. मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या, मुलांच्या वह्यांना क्रमांक, क्रमांकांची वेगळी यादी. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला स्वप्नंसुद्धा अनुक्रमणिकेसकट पडतात."

बाहेरच्या माणसाला या कामातली एक गोष्ट ठाऊक नसते, ती आधी सांगते. गणिताची भीती मुलाच्या डोळ्यांत दिसत नाही, बोटांत दिसते. आठवीतलं मूल फळ्याकडे बघत असतं आणि बाकाखाली बोटं मोजत असतं. मी जवळ गेले की मूठ आवळतं. तीस वर्षं मी अशा आवळलेल्या मुठी पाहिल्या. आठवीत त्या उघडायच्या म्हणजे गंजलेलं कुलूप उघडायचं. काही उघडल्या, पुष्कळशा नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही मंठाळकडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा मी ठरवलं की मुठी आवळायच्या आधीच मुलांना गाठायचं. सहा ते दहा वर्षांची मुलं, आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी चार वाजता, आमच्या ओसरीवर. फी नाही, पाटी-फलक नाही, पाढ्यांचं पुस्तकही नाही.

मग होतं काय? घरातलंच सगळं. फोडलेल्या चिंचोक्यांचं दान टाकून पट खेळायचा आणि किती घरं पुढं जायचं ते न मोजता सांगायचं. तूर निवडताना दहा-दहाच्या ढिगाऱ्या करायच्या. पाऊण वाजता सुटलेली एस.टी. सव्वा दोनला पोचली तर आत्या किती वेळ उभी होती, ते काढायचं. आणि भाकरी. मोठ्या भाकरीचा चतकोर जास्त की लहान भाकरीची अर्धी, यावर आमच्या ओसरीवर मारामाऱ्या झालेल्या आहेत.

एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले होते. ट्रॅक्टर दारात चालू ठेवूनच बोलले.

"बाई, आमची पोरगी ताटातली भाकरी मोडून मोडून ठिवायली. ही चतकोर, ही नितकोर म्हणायली. आमी जेवावं का गणित करावं?"

"अण्णा, तिला आता पाव म्हणजे किती आणि पावाचा अर्धा म्हणजे किती, ते कळलंय."

"त्ये कळू द्या की. पर तिची सोडून माझी भाकरी कामून मोडायली?"

मी म्हणाले, "तुमची मोठी असते म्हणून." त्यावर ते हसले आणि पुढच्या आठवड्यात धाकटीलाही आणून बसवलं.

दुसरा खेळ पाण्याचा. एक उंच, निमुळती बाटली आणि एक बसकं पातेलं. कशात जास्त मावेल? मुलं हमखास बाटलीकडे बोट दाखवत. मग ओतून दाखवायचं. पातेलं जिंकायचं आणि सगळे ओरडायचे. तेव्हा मी एक वाक्य म्हणायला शिकवलं होतं: तोंड बघून पोट सांगू नका. मुलं ते माणसांनाही लावायची. आणि ओसरीच्या भिंतीवर मी खडूनं मोठ्या अक्षरांत दुसरं वाक्य लिहिलं होतं: भ्यायचं नाही, मोजायचं. ते पुसट झालं की मी पुन्हा गिरवायची. मला त्या वाक्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

हे सगळं चालू असताना तुझे बाबा दरवर्षी फोनवर म्हणायचे, "आई, आमच्या पोरांना पण शिकव की असं." पहिली काही वर्षं मी हो हो म्हणत राहिले, तुम्ही फार लहान होता. नंतर मी कारणं सांगायला लागले. तुमची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, नेट चालत नाही, डोळे दुखतात. त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं कारण कावेरी नावाच्या मुलीच्या अंगणात आहे.

कावेरी तेव्हा नऊ वर्षांची होती. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जायची आणि गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणायची. माझ्याकडे आली तेव्हा तिची मूठ आवळलेलीच होती. महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस मी विहिरीच्या दोराची लांबी विचारली, तर तिनं उठून दोर हातात घेतला आणि कोपरापासून बोटांपर्यंत लावत झरझर मोजला. "लाभ, दोन, तीन, चार..." बावीस हात.

आमच्या भागात धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. दखनी बोलणारे मापाडी 'बरकत' म्हणतात. कावेरीचे आजोबा, त्यांना सगळा गाव अप्पा म्हणतो, सगळं तसंच मोजत. त्यांच्याकडून ती शिकली होती. शाळेत यावरून तिला हसले होते. मीही काही वेगळं केलं नाही.

"कावेरी, लाभ ही संख्या नाही. एक म्हणायचं."

"मग अप्पा कामून म्हणत न्हाईत?"

"भितात. एक म्हटलं तर रास एकावरच संपेल असं त्यांना वाटतं."

"आन् संपली तर?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिनं वाचलं आणि मान हलवली. पण त्या दिवसापासून तिची मूठ उघडली. सुतळीला हाताहातावर गाठी मारून तिनं स्वतःची टेप केली. गोठा मोजला, म्हशीची लांबी मोजली, म्हशीनं शेपूट मारल्यावर शेपूटही मोजलं. वहीत दोन रकाने असत, काय आणि किती. मी लाल पेनानं खूण करायची आणि शेरा लिहायची, "शाब्बास. न भिता मोजलंस."

एका मंगळवारी मी सगळ्यांना घरचा अभ्यास दिला. आपल्या घरात आजवर कुणीच मोजलं नाही असं काहीतरी मोजून आणायचं. सगळे पांगल्यावर कावेरी मागं राहिली.

"बाई, आमचं पेव उघडायलेत. त्ये मोजू का?"

पेव म्हणजे काय, ते रेवा तुला माहीत असायचं कारण नाही. पूर्वी आमच्याकडे ज्वारी जमिनीखाली ठेवत. अंगणात रांजणासारखा खड्डा खणायचा. तोंड एका माणसापुरतं आणि आत पोट खोलीएवढं. भोवती कडबा लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. आता कोणी भरत नाही. कावेरीच्या घरचं पेव तिच्या जन्माच्या आधीपासून बंद होतं. तिथं न्हाणीघर बांधायचं म्हणून ते बुजवणार होते.

मला फार आनंद झाला. अरुंद तोंड, मोठं पोट, माझ्या बाटली-पातेल्याचा धडा जमिनीत खणून ठेवलेला. मी म्हणाले, "मोज की! पण लक्षात आहे ना, तोंड बघून पोट सांगायचं नाही."

"आत लई अंधार हाय म्हणत्यात बाई. मला भ्या वाटायलंय."

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"काय लिहिलंय?"

"भ्यायचं न्हाई, मोजायचं," ती हळूच म्हणाली आणि गेली.

आता जे लिहिते ते मी कोणालाही पूर्ण सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. पेवातली हवा जीव घेते. वर्षानुवर्षं कोंडलेलं धान्य सडतं, चांगली हवा संपवतं आणि जड, वाईट हवा तळाशी साठते. तिला वास नसतो, रंग नसतो. उतरलेला माणूस ओरडायच्या आत खाली बसतो आणि त्याला काढायला उतरलेला त्याच्या शेजारी. आमच्याकडे प्रत्येक म्हाताऱ्याला हे माहीत असतं. मी तर रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकले होते, त्या वायूचं सूत्र मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तरी त्या मंगळवारी माझ्या डोक्यात फक्त आकार होता.

गुरुवारी चार वाजता सगळी मुलं आली, कावेरी नाही. सव्वाचार झाले. एका मुलीनं सांगितलं, "बाई, त्येंचं पेव सकाळीच उघडलंय. अप्पा म्हणले, आज दिसभर हवा खाऊ द्या, कुणी जवळ जायाचं न्हाई. वर बोरीची फांदी टाकून शेताला गेले."

मी हातातली पट्टी खाली ठेवली. अप्पा काय म्हणाले ते ऐकलं आणि पहिल्यांदा ते सूत्र आठवलं. मुलांना घरी पाठवलं आणि मोठ्या रस्त्यानं निघाले. पळायचं माझं वय नव्हतं, पण पळाले.

कावेरीच्या अंगणात कोणी नव्हतं. बोरीची फांदी बाजूला ओढलेली होती. पेवाच्या तोंडाशी तिच्या निळ्या चपला होत्या, काठाला लागून, एकीपुढं एक. लिंबाच्या बुंध्याला गाठींची सुतळी बांधलेली होती आणि दुसरं टोक आत गेलेलं होतं.

मी गुडघ्यावर बसून हाक मारली. "कावेरी!" आवाज आत फिरला आणि माझाच मला परत आला.

हाक ऐकून घरातून कावेरीची आई आली. तिनं चपला पाहिल्या. तिनं गोठ्याकडे हाक मारली. तिचा दीर बालाजी गोठ्यातून धावत आला, त्यानं सदरा काढला आणि दोन्ही हात पेवाच्या काठावर टेकून पाय आत सोडले. तेवढ्यात अप्पा शेतातून येत होते. त्यांनी लांबून पाहिलं आणि काठी टाकून पळत येऊन त्याचे केस धरले. खरंच केस धरले.

"वर निघ! वर निघ म्हणलो ना!"

"अप्पा, पोरगी हाय आत!"

"मग तू बी ऱ्हाशील आत. आधी कंदील सोड."

कंदील पेटवून दोराला बांधला. अप्पा स्वतः सोडत होते. कोपराला दोर लावून मोजत होते. "लाभ. दोन. तीन. चार. पाच." पाचाला ज्योत निळी झाली आणि विझली. अप्पांनी दोर वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. "लाभ. दोन. तीन. चार." या वेळी चारलाच विझली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं, मला माहीत नाही. कदाचित उत्तर चुकलंय असं मी म्हणावं, एवढंच.

मग त्यांनी लिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून पेवात खाली-वर करायला सांगितला, म्हणजे आतली हवा हलते. बालाजी ते करत होता आणि रडत होता. मला अप्पा म्हणाले, "बाई, तुमी मोजा. शंभर झाले की परत कंदील सोडू." तेवढंच काम माझ्याकडे होतं आणि तेवढंच मला यायचं. मी मोजायला लागले. वीसच्या पुढं मला जाता येईना. एकोणीस, वीस, आणि मग डोळ्यांपुढं त्या निळ्या चपला. पुन्हा पहिल्यापासून. हजारो मुलांना पाढे म्हणायला लावलेली मी, त्या अंगणात शंभरपर्यंत पोचू शकले नाही.

कावेरीच्या आईनं घरातून आरसा आणला. उतरतं ऊन त्यावर धरून आत पाडलं. तळाशी एक गोल उजेड पडला. सुतळीला बांधलेला दगड दिसला, काळी पडलेली ज्वारी दिसली. कावेरी दिसली नाही. आई म्हणाली, "न्हाई! न्हाई बाई आत! दिसंना!" आणि माझ्याकडे बघून हसलीच. मला मात्र माहीत होतं की आरशाचा उजेड फक्त तोंडाच्या बरोबर खाली पडतो. आतलं पोट सगळ्या बाजूंनी अंधारात होतं. माझंच वाक्य होतं ते. तोंड बघून पोट सांगता येत नाही. ते त्या बाईला सांगायची मला हिंमत झाली नाही.

"अप्पा," मागून आवाज आला, "कुणाला काढायलाव?"

कावेरी अनवाणी उभी होती. काखेत वही.

पहिल्यांदा तिच्या आईनं तिला फाडकन मारलं. मग पोटाशी धरलं, मग पुन्हा मारलं. बालाजी भाऱ्याचा दोर सोडून जमिनीवर आडवा झाला. अप्पा पेवाच्या दगडावर बसले आणि पोटातून आल्यासारखे हसले, ते हसणं ऐकवत नव्हतं.

"कुठं गेलतीस गं?"

"बाईंच्या घरला. मागच्या पांदीच्या वाटेनं. कुणीच न्हवतं. बसले बसले आन् आले."

"आन् चपला?"

"त्या मोजायला ठिवल्यात. तोंड तीन चपला हाय. उचलल्या तर जागा चुकंल म्हणून तशाच ठिवल्या."

मी तिच्याजवळ गेले. तिनं वही छातीशी घट्ट धरली होती. मूठ आवळलेली होती, पहिल्या दिवसासारखी. मला वाटलं ती आईच्या माराला भ्यायली. तसं नव्हतं. ती मला भ्यायली होती.

"बाई, रागावणार न्हाई?"

"नाही."

तिनं वही उघडली. पेवाचं तोंड, तीन चपला. पेवाची खोली, नऊ हात. पेवाचं पोट, आणि पुढं काहीतरी लिहून खोडलेलं.

"पोटाचं खोटंच लिवलं होतं. सात हात. मग खोडले. आत पाय सोडला होता बाई मी. एक पाय सोडला आन् लई भ्या वाटलं. उतरलेच न्हाई. तुमी म्हणला होता भ्यायचं न्हाई, म्हणून सांगायला आले, की मी भ्यायले. दुसरं कसं मोजावं म्हणून इचारायला."

एक पाय तिनं आत सोडला होता. अडवायला तेव्हा जवळ कोणी नव्हतं, कंदील तिनं सोडला नव्हता, ती हवा जीव घेते हे तिला माहीत नव्हतं. मला पुष्कळदा वाटतं की माझ्या एखाद्या खेळानं तिला वाचवलं असतं तर इथं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी जे तिच्यातून हुसकून काढत होते, त्यानंच तिचा दुसरा पाय बाहेर ठेवला.

त्या दिवशी अप्पा मला दाराशी सोडायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. मी लाभ म्हणतो त्ये भिऊनच म्हणतो, तुमचं खरं हाय. पर भ्यालेला माणूस जरा सावकाश मापतो."

घरी येऊन मी भिंतीवरचं वाक्य ओल्या फडक्यानं पुसलं. मग कपाटातून जुन्या वह्या काढल्या. सगळ्या क्रमांकानं लावलेल्या होत्या, शोधायला काही त्रास पडला नाही. तेच वाईट झालं. एका पानावर गावच्या पाण्याच्या टाकीची उंची, शिडीच्या पायऱ्यांत, शेवटच्या पायरीपर्यंत. एका पानावर कालव्याची रुंदी. एका पानावर गिरणीच्या पट्ट्याची लांबी, मशीन चालू असताना मोजलेली, तसं लिहिलेलंसुद्धा. प्रत्येकापुढं लाल पेनानं माझं अक्षर: शाब्बास. न भिता मोजलंस. त्यांतलं कोणीही पडलं नव्हतं, बुडलं नव्हतं. ती सगळी मुलं आज मोठी आहेत, एक तर कलबुर्गीला बँकेत आहे. तरीही मी एकेक पान शेवटपर्यंत उलटत गेले. जे घडलं नाही त्याची इतकी मोठी यादी माझ्याइतकी व्यवस्थित क्वचितच कोणी ठेवली असेल.

ओसरी मी बंद केली. मुलांना तब्येतीचं कारण सांगितलं. दोन महिने गेले. एका गुरुवारी चार वाजता कावेरी एकटीच आली आणि पायरीवर बसली.

"बाई, गणित कामून बंद केलाव?"

"मला भीती वाटते गं."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मोठी माणसं असं म्हणतात हे तिला नवीन असावं. मग तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. पेवाचं पान उघडलं होतं. दोन रकान्यांच्या पुढं जागा नव्हती, म्हणून तिनं समासात वाकडं लिहिलं होतं: पाय सोडला तिथं थांबले. भ्या वाटलं.

"ह्याला खूण द्या की," ती म्हणाली. "ह्ये तर खरं हाय."

मी खूण दिली. पुढच्या मंगळवारी ओसरी उघडली तेव्हा सगळ्यांच्या वह्यांत पट्टी घेऊन मीच तिसरा रकाना आखला. मुलांनी कुरकुर केली, पान अरुंद होतं म्हणून. तो रकाना रिकामा असला तर मी पान तपासत नाही. थांबलो नाही असं कोणी लिहिलं तर त्याला जवळ बसवून सगळं पुन्हा विचारते. भीती घालवण्याचं माझं काम मी सोडलेलं नाही. आवळलेली मूठ मला अजूनही बघवत नाही. पण आता तिची बोटं उलगडताना मी आधी विचारते की आत काय धरलंयस.

पेव त्यांनी बुजवलं. बुजवण्याआधी कावेरीला पोटाचं माप हवंच होतं. आम्ही वर बसून माती टाकणाऱ्यांची घमेली मोजली आणि त्यावरून हिशेब काढला. अप्पा शेजारी बसून मोठ्यानं मोजत होते, लाभपासून. मी त्यांना टोकलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी ओसरीवर चिंचोके मोजताना माझ्याच तोंडून 'लाभ' गेलं आणि मुलं टाळ्या वाजवून हसली.

तर रेवा, तुझे बाबा विचारत होते तेव्हा मी नाही म्हणत होते, ते यामुळं. इथल्या मुलांची अंगणं मी जाऊन पाहू शकते. पेव कुठं आहे, विहिरीला कठडा आहे का, मला माहीत असतं. तुमच्या घराचं मला काय माहीत आहे? फोनच्या चौकटीत मावेल तेवढं. एक सोफा, एक खिडकी, ईशानचे गाल. तोंड बघून पोट कसं सांगू? तरी गेल्या हिवाळ्यात बाबांनी पुन्हा विचारलं आणि मी तीन रकाने आखून दिले. अभ्यासही तोच दिला. आजवर कुणीच मोजलं नाही असं काहीतरी. फोन ठेवला आणि पुढचा आठवडाभर मला नीट जेवण गेलं नाही.

मग तुझ्या पानाचा फोटो आला. जिन्याच्या पायऱ्या, चौदा. थांबले: पुढं पायऱ्याच नव्हत्या. ईशानचा पाय, सात इंच. थांबले: तो गुदगुल्या होतात म्हणून पळाला. तिसरी ओळ वाचताना मी खुर्चीचा हात धरला. घरामागच्या तळ्यावरच्या बर्फाची जाडी: माहीत नाही. थांबले: काठावर. भीती वाटली.

तुमच्या घरामागे तळं आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी ते पान कागदावर काढून आणलं. त्या ओळीपुढं लाल पेनानं खूण केली आहे. ती वाकडी आली. मी वाकडी खूण कधी ठेवत नाही, खोडून पुन्हा करते. ही तशीच ठेवली आहे. या अंकासोबत ते पानही पाठवते आहे, तुझ्या वहीत लावून ठेव.